पाणी बाटते कशाने?

रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे काशीक्षेत्र. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातले हे गाव. तेराव्या शतकात श्रीगोविंदप्रभू येथेच वावरले आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले तेही येथेच. आता मराठी भाषा विद्यापीठही याच गावी आले आहे. पंथ वेगळा, उपासना वेगळी. पण ज्या मातीत मराठी गद्याने पहिले मोठे पाऊल टाकले त्या मातीला वारकऱ्याने वाकून नमस्कार करावा, यात कोणाचे काही उणे होत नाही.

गोविंदप्रभूंच्या लीळांत एक लीळा पाण्याची आहे. गावकुसाबाहेरच्या मातंगांना प्यायला पाणी नव्हते. त्यांनी प्रभूंजवळ आपले गाऱ्हाणे घातले आणि प्रभूंनी त्यांच्यासाठी विहीर करवली. लीळा एवढीच. पण तिच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. गावात पाणी असताना या माणसांना पाणी का नव्हते? कारण त्यांच्या घागरीने गावचे पाणी बाटते, अशी समजूत होती. प्रभूंनी तहान भागवली. समजूत मात्र पुढे सातशे वर्षे टिकली. म्हणून आजच्या लेखाचा विषय हाच घेतला आहे की, पाणी बाटते कशाने? या प्रश्नाला तीन काळांत तीन उत्तरे मिळाली. रूढीने एक दिले, संतांनी दुसरे दिले आणि तिसरे पाण्याच्या तपासणीने दिले. दुसरे आणि तिसरे उत्तर एकमेकांच्या आड येत नाही, उलट एक दुसऱ्याला पुरे करते, हे दाखवावे एवढाच हेतू.

रिद्धपूरच्या बाजूने पेढी नावाची एक लहान नदी खाली उतरते. नकाशावर तिची रेघ बारीक आहे, पण तिचा प्रवास पाहावा. ती वलगावापाशी येते. याच पेढीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. पुढे पेढी पूर्णेला मिळते. अकोल्याच्या मध्यातून वाहणारी मोर्णाही पूर्णेलाच मिळते. पूर्णा वऱ्हाडाचे सारे पाणी गोळा करीत पश्चिमेला जाते आणि चांगदेव येथे तापीच्या कुशीत शिरते. तो परिसर मुक्ताईचा. म्हणजे रिद्धपूरच्या शिवारात पडलेला थेंब गाडगेबाबांच्या काठावरून मुक्ताईच्या दारी जातो. वऱ्हाडातली माणसे वारीला निघोत वा न निघोत, वऱ्हाडाचे पाणी दर पावसाळ्यात संतांच्या दारची वारी करते. ते कोणत्या अवस्थेत तेथे पोहोचते, हा आपल्या संप्रदायाच्या घरचा प्रश्न आहे.

आता रूढीचे उत्तर पाहू. रूढी म्हणत होती की पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटते, आणि तेही सर्वांच्या नव्हे, काहींच्याच. या उत्तराची परीक्षा महाडला झाली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. तेव्हा काही सनातनी मंडळींनी तळे बाटले असे ठरवून त्यात एकशेआठ घागरी पंचगव्य ओतले. प्रकरण कोर्टात गेले, आणि तळ्याचा हक्क सर्वांना आहे हे मुंबई उच्च न्यायालयाकडून ठरायला १९३७ साल उजाडले.

पंचगव्यात शेण असते, गोमूत्र असते. त्या दिवशी चवदार तळ्याच्या पाण्याचा नमुना कोणी प्रयोगशाळेत नेला असता, तर तपासणाऱ्याने कोणाच्या जातीचा दोष आपल्या वहीत लिहिला नसता. त्याच्या वहीत जातीचा रकानाच नसतो. शेणाचा दोष मात्र त्याने अचूक लिहिला असता. शुद्धीच्या नावाने तळे तेव्हा खरोखर अशुद्ध केले गेले. एवढ्या एका उदाहरणात रूढीचे सारे उत्तर उघडे पडते.

संतांचे उत्तर याच्या उलट होते, आणि ते महाडच्या कितीतरी आधीचे. चोखोबांना आपल्या संतमेळ्यात मानाचे स्थान आहे. नाथांनी काशीहून रामेश्वराला न्यायची कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी केली, ही कथा कोणत्या कीर्तनकाराने सांगितली नाही? तीर्थाचे पाणी तहानलेल्या जिवाला पाजले की ते रामेश्वराला पोहोचले, असा तिचा सिद्धांत. संतांच्या मते जिवाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, कारण जिवाच्या अंतरी जो आहे तोच पाण्यातही आहे. हे उत्तर निर्विवाद आहे. पण येथे एक पुढचा प्रश्न उरतो. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही हे मान्य. मग पाणी मुळी बाटतच नाही काय?

बाटते. आणि त्याची साक्ष आपल्या वारीच्याच इतिहासात आहे. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरकडे पटकीची मोठी साथ उठली आणि पुढच्या वर्षी ती दख्खनेत उतरली. त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ जत्रा आणि पटकी यांची सांगड पडली. पंढरीच्या वाटेवर, वाळवंटात, धर्मशाळांत माणसे एका रात्रीत जात. मरीआईचा कोप झाला असे लोक म्हणत. सरकारी अधिकारी जत्रेलाच दोष देत. दोघांनाही रोगाची वाट ठाऊक नव्हती.

ती वाट १८५४ साली लंडनमध्ये उजेडात आली. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने घरोघर विचारपूस करून मेलेल्यांची घरे नकाशावर मांडली. ती बहुतेक एका सार्वजनिक पंपाभोवती निघाली. त्याच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढला गेला. तीस वर्षांनी, १८८४ साली, जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांना पटकीचे जंतू आपल्याच देशात, कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात सापडले. काठची वस्ती त्याच तळ्यात आंघोळ करी, कपडे धुई आणि तेच पाणी पिई. तळ्याला कोणाच्या स्पर्शाने विटाळ झाला नव्हता. काठच्या माणसांचा मळ पाण्यात उतरला होता आणि पाण्यातून पुन्हा माणसांच्या पोटात जात होता. तिसरे उत्तर ते हेच. पाणी माणसाने बाटत नाही, माणसाच्या मळाने बाटते. आणि त्या मळाला जात नसते.

परंतु मळ पाण्यात आहे हे ओळखावे कसे? आपल्या शास्त्रात ज्ञानाची साधने सांगितली आहेत, त्यांना प्रमाणे म्हणतात. पहिले प्रमाण प्रत्यक्ष, म्हणजे डोळ्याने पाहणे, जिभेने चाखणे. पाण्याचा गढूळपणा मोजण्याचे एक साधन असेच प्रत्यक्षावर उभे आहे. रोमच्या आंजेलो सेक्की या धर्मगुरूने, जो खगोलशास्त्रीही होता, १८६५ साली भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली आणि ती किती खोलवर दिसेनाशी होते ते मोजले. आजही तलावांवर तशीच तबकडी सोडतात. पण प्रत्यक्षाची धाव तेवढीच. आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी काचेसारखे नितळ दिसते, आणि घोट घेतला की तोंड खारट होते. चाखल्यावर खारेपणा तरी कळतो; जंतू जिभेलाही कळत नाहीत. या रिद्धपूरपासून फार दूर नाही ते चांदूर बाजार तालुक्यातले माधान. तेथले श्रीगुलाबराव महाराज बालपणीच दृष्टी गमावूनही शास्त्रांत अखंड संचार करीत. डोळ्याला दिसते तेवढेच सत्य, असे म्हणणाऱ्याने त्यांचे चरित्र आठवावे.

प्रत्यक्ष थांबते तेथे अनुमान चालू होते. न्यायशास्त्राचा दृष्टांत सर्वांना माहीत आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे आपण जाणतो. अग्नी पाहायला डोंगर चढावा लागत नाही. पाणी तपासणारे हेच करतात. रोगाचे जंतू शंभर प्रकारचे, संख्येने थोडे आणि शोधायला अवघड. म्हणून ते धूर शोधतात. माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत काही जिवाणू अगणित संख्येने राहतात. त्यांतला मुख्य जिवाणू १८८५ साली थिओडोर एशेरिश यांनी ओळखला. या गोत्राला कोलिफॉर्म म्हणतात. हा जिवाणू पाण्यात सापडला म्हणजे पटकी आहेच असे नव्हे. पण विष्ठा पाण्यापर्यंत पोहोचली आहे हे निश्चित. आणि ज्या वाटेने विष्ठा आली त्या वाटेने पटकी, कावीळ, विषमज्वर यांना यायला कोणी अडवणार नाही. कोलिफॉर्म हा हेतू, मळ हे साध्य. ज्यांनी तर्कसंग्रहाची पाने उलटली आहेत त्यांना प्रयोगशाळेची ही भाषा परकी वाटू नये.

नदीची दुसरी परीक्षा तिच्या श्वासाची. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. मासे त्यावर जगतात आणि मळाचे विघटन करणारे सूक्ष्म जीवही त्यावरच जगतात. तो किती आहे हे मोजण्याची खात्रीची रीत हंगेरीच्या विंकलर यांनी १८८८ साली बसवली. पाण्यात मळ जास्त तर तो खाणारे जीव जास्त, आणि ते जास्त तर प्राणवायूचा खर्च जास्त. म्हणून पाणी बाटलीत बंद करून अंधारात ठेवतात आणि काही दिवसांत किती प्राणवायू खर्ची पडला ते पाहतात. यालाच बीओडी म्हणतात. इंग्लंडमध्ये सांडपाण्यासाठी नेमलेल्या आयोगाने १९१२ च्या अहवालात ही परीक्षा पाच दिवसांची ठरवली. आपला देश उष्ण, येथे कुजण्याची क्रिया लवकर होते. म्हणून आपल्याकडे २७ अंश उष्णतेत तीन दिवस ही रीत आहे. शास्त्रही देशकाल पाहून चालते.

या परीक्षांचे माप आपल्या केंद्र सरकारने स्नानाच्या पाण्यासाठी २००० साली ठरवून दिले. लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा. बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा. आम्लता दाखवणारा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असावा. आणि १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून आलेले कोलिफॉर्म ५०० पर्यंत असावेत, फार तर २५००, त्यापुढे नाही. हे स्नानापुरते. पिण्याच्या पाण्यात त्यांची संख्या शून्यच हवी. चार-पाच आकडे आहेत. एकादश्यांची नावे पाठ असणाऱ्या माणसाला एवढे लक्षात ठेवणे जड नाही.

या कामात महाराष्ट्र मागे नव्हता. केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने आपला कायदा १९६९ सालीच केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापले. पाणी आणि सांडपाणी यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, जिला आज नीरी म्हणतात, १९५८ पासून आपल्या विदर्भात, नागपुरातच आहे. नद्यांवर ठरलेल्या जागी नमुने घेण्याचे काम गेली कित्येक दशके चालू आहे.

या मोजणीने काय सांगितले? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ नदीपट्टे प्रदूषित म्हणून जाहीर केले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा उतरून ३११ झाला, महाराष्ट्राचा मात्र ५५ वर गेला. आता २०१८ च्या यादीतली काही नावे वाचा. इंद्रायणी. भीमा. चंद्रभागा. आणि आमच्या वऱ्हाडातल्या पूर्णा, मोर्णा, पेढी. ही यादी कोणा विरोधकाने केलेली नाही. बाटल्यांतले पाणी जे बोलले ते कागदावर उतरले आहे. आपल्या भूपाळ्यांत आणि अभंगांत ज्यांची नावे येतात त्यांचीच नावे या यादीत यावीत, हे वाचताना वारकऱ्याचा घास घशात अडकला पाहिजे.

कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. कारखान्यांचा वाटा आहेच, पण मोठा भाग गावाशहरांच्या सांडपाण्याचा. केंद्रीय मंडळाच्याच २०२१ च्या हिशेबाप्रमाणे देशातल्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची, आणि प्रत्यक्षात शुद्ध होते सुमारे २० हजार. उरलेले सारे कोणत्या तरी नाल्यातून कोणत्या तरी नदीच्या पदरात जाते. यात तुमचे आहे, आमचे आहे, सवर्णाचे आहे, दलिताचे आहे, श्रीमंताचे थोडे जास्तच आहे.

नदी निदान वाहते. तलावाला जायला वाट नसते. अमरावतीकरांचे फिरण्याचे दोन तलाव, वडाळी आणि छत्री. दोन्ही मुळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेले. आता तेथे लोक संध्याकाळी हवा खायला जातात, मुले काठाशी खेळतात. अशा तलावात सांडपाण्याचे खत उतरले की शेवाळ आणि जलपर्णी माजते. दिवसा हिरवे शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच श्वासासाठी प्राणवायू ओढून घेते. म्हणून तलावाचा प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, काकडआरतीच्या वेळेला. आणि मासे उलटे होतात तेही बहुधा तेव्हाच. दुपारी उन्हात घेतलेला नमुना तलाव निरोगी असल्याची साक्ष देईल, पहाटेचा नमुना वेगळेच सांगेल. दोन्ही खरे. म्हणून केव्हा मोजले, कोठे मोजले, किती वेळा मोजले, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे. मूर्तिविसर्जनासाठी केंद्रीय मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत विसर्जनाआधी, विसर्जनाच्या वेळी आणि विसर्जनानंतर असे तीनदा पाणी तपासायला सांगितले आहे, ते याचसाठी.

प्रयागच्या २०२५ च्या महाकुंभात याचा अनुभव साऱ्या देशाला आला. फेब्रुवारीच्या आरंभी केंद्रीय मंडळाने हरित न्यायाधिकरणाला कळवले की निरनिराळ्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत कोलिफॉर्मचे प्रमाण स्नानाच्या मापाबाहेर होते. महिनाअखेरच्या दुसऱ्या अहवालात अनेक नमुन्यांचा एकत्र हिशेब करून पाणी स्नानयोग्य असल्याचे सांगितले. लोकांनी आपापल्या पक्षाला सोयीचा अहवाल उचलला. पण स्नानाला उतरणारा भाविक सरासरीत उतरत नाही. तो एका घाटावर, एका वेळी, एका पाण्यात उतरतो. त्याला त्या वेळचा आकडा कळायला हवा. मोजणी अखंड हवी आणि उघडी हवी, हा त्यातला बोध.

येथे कोणी भाविक विचारील, आणि विचारावेच, की तीर्थाला अशुद्ध म्हणणे हे पाप नव्हे काय? गंगा, चंद्रभागा या देवता. त्यांना मळ कसा लागेल? याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. पावित्र्य वेगळे आणि स्वच्छता वेगळी. पंढरीचा पांडुरंग नित्यशुद्ध परब्रह्म, याविषयी कोणाला शंका नाही. तरी त्याच्या मूर्तीला रोज स्नान घालतात, वस्त्र बदलतात. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी आणि स्पर्शांनी मूर्तीची झीज होऊ लागली तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांना बोलावून वज्रलेप करवला. त्यावेळी झीज तपासणाऱ्या तज्ज्ञाला कोणी नास्तिक म्हटले नाही. देवाच्या मूर्तीची काळजी घेणे ही भक्ती असेल, तर देवाच्या पायांजवळून वाहणाऱ्या पाण्याची काळजी घेणे ही अभक्ती कशी? चंद्रभागा पवित्र आहे म्हणूनच ती स्वच्छ असली पाहिजे. पावित्र्य ही मळ टाकण्याची परवानगी नव्हे. आणि संतांनी तीर्थाचा महिमा गातानाही अंतःकरणाच्या शुद्धीला वरचे आसन दिले आहे. ज्याचे अंतःकरण शुद्ध, तो आपला मळ दुसऱ्याच्या ओंजळीत सोडील काय?

वऱ्हाडात हे ज्यांनी न बोलता करून दाखवले ते गाडगेबाबा. भातकुली तालुक्यातले ऋणमोचन हे पूर्णाकाठचे क्षेत्र. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. पूर्णेच्या काठची काळी माती अशी की स्नानाला उतरणारी माणसे चिखलात घसरत. बाबांनी तेथे हातात फावडे घेतले, पायवाट केली, पुढे घाट बांधवला. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. परिटाच्या घरी जन्मलेल्या या महापुरुषाला पाण्याकाठचा मळ काय असतो हे कोणी शिकवावे लागले नाही. ऋणमोचन या नावाचा भाव असा की येथल्या स्नानाने ऋण फिटते. आता विचार करावा. आपण ऋण फेडायला नदीवर जातो आणि गावाचा नाला तिच्यात सोडून तिचेच ऋण वाढवतो. हे खाते कधी मिटणार? कर्जदाराने निदान आपले खाते वाचावे. पाण्याच्या तपासणीचा अहवाल म्हणजे नदीकडे असलेले आपले खाते.

हे खाते न वाचण्याची किंमत कोण देतो, तेही सांगितले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांतले लोक उघड्या विहिरीचे दूषित पाणी प्याले आणि पटकी उसळली. साथ जिल्ह्यात इतरत्रही आढळली; पाच माणसे दगावल्याची नोंद त्या दिवसांत झाली. १८५४ साली लंडनला जे कळले, १८८४ साली कलकत्त्यात जे दिसले, ते २०२२ साली मेळघाटातल्या विहिरीपर्यंत वेळेवर पोहोचले नाही. गोविंदप्रभूंच्या काळी गावकुसाबाहेरच्यांना पाणी नव्हते. आज डोंगरातल्या माणसाला पाणी आहे, पण ते पिण्याजोगे आहे की नाही हे वेळेत सांगणारे कोणी नाही. वंचना तीच आहे, तिचे रूप तेवढे बदलले आहे.

म्हणून वारकरी मंडळींनी काय करावे? फार मोठे काही नको. गावोगावी सप्ताह होतात, महाप्रसादाला हजारो पाने उठतात. सप्ताहाच्या दोन दिवस आधी प्रसादाच्या पाण्याची परीक्षा व्हावी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली एक सोपी रीत काढली. औषध भरलेल्या लहान बाटलीत पाणी घालून उबदार जागी ठेवायचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर ते पिऊ नये. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. आपल्या गावातल्या त्या पाच माउली कोण, त्यांच्याजवळ साहित्य आहे काय, हे भजनी मंडळाने विचारावे आणि सप्ताहात त्यांचा नारळ देऊन मान करावा. विहिरीत ब्लिचिंग पावडर पडली की अर्धा तास जाऊ द्यावा, मग पाणी भरावे. नदीकाठच्या गावांनी प्रदूषण मंडळाचे आकडे मागवून मंदिराच्या फळ्यावर लिहावेत. त्या फळ्यावर हरिपाठाची वेळ असते, कीर्तनकाराचे नाव असते. तेथेच नदीचा प्राणवायू किती, हेही असावे. आकडा फळ्यावर आला की गाव बोलू लागते, आणि गाव बोलू लागले की नाल्याचे काय करायचे याचा विचार ग्रामसभेला टाळता येत नाही. आम्ही कीर्तनकारांनीही तीर्थमहिमा सांगताना याला पाच मिनिटे द्यावीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या शुद्धीचा विषय घेतलाच आहे, तेव्हा हा काही नवा पायंडा होणार नाही.

संतांनी पाण्यावरचा खोटा विटाळ धुऊन काढला. खरा विटाळ कोठे आहे ते आता मोजून कळते. मोजल्यावर समजते की तो कोणा एका वाड्यातून येत नाही. तो आपल्या सर्वांच्या मोरीतून येतो. जेथे दोष सर्वांचा, तेथे प्रायश्चित्तही सर्वांनी मिळून घ्यावे लागते. पेढीचे पाणी यंदाही पूर्णेला मिळेल आणि पूर्णा मुक्ताईच्या दारी जाईल. आपण त्या पाण्याबरोबर काय पाठवतो, एवढे पाहावे.

रामकृष्णहरी.